उंदरांचं अंथरूण
प्रयोगशाळेतले उंदीर मावशींच्या हवाली होते. पिंजरे धुवायचे, दाणापाणी बदलायचं आणि प्रत्येक पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाचा तुकडा टाकायचा. धडधाकट उंदीर तो कुरतडून रातोरात मऊ घरटं करतो. मॅडमनी दुखण्यावरच्या प्रयोगासाठी ज्याच्या पायाची नस बांधलेली असते, तो मात्र कापसाकडे ढुंकूनही पाहत नाही.

मॅडम एकदा हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "मावशी, दुखणं जुनं झालं ना, की मेंदूच बदलतो. तिथल्या पेशींतली काही जनुकं जोरात कामाला लागतात, काही गप्प बसतात. मग जखम भरली तरी दुखतंच."

ते ऐकून मावशींना रडूच कोसळलं. जिन्यावरून पडल्यापासून त्यांची कंबर ठणकत होती आणि एक्स-रे म्हणाल तर एकदम स्वच्छ! मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, तू ते मनातून काढून टाक बघू." मागून सूनबाईंचं हसणं ऐकू यायचं. हळूहळू मावशींनी दुखण्याचं नाव काढणं सोडलं आणि मुलाने फोन करणं.

तेव्हापासून त्यांना त्या उंदरांचा लळाच लागला. सकाळी मॅडम यायच्या आत मावशी कोपऱ्यात आखडून बसलेल्यांचा कापूस पिंजायच्या आणि बोटांनी गोल बसवून द्यायच्या. ज्याचं दुखतं त्याला कुणीतरी अंथरूण घालून द्यायला नको?

इकडे मॅडम डोकं धरून बसल्या. मेंदू तपासावेत तर जनुकं बदललेली, घरटी पाहावीत तर झकास! सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली, तेव्हा मावशींनी खाली मान घालून सांगितलं, "मॅडम, घरटी मी केलीत. त्यावरून तुम्ही त्यांचं दुखणं मोजता, हे मला कुठं ठाऊक?"

मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही बाटल्या धुवायला जा, मावशी."

का केलंत, एवढं तरी विचारतील म्हणून मावशी दारात जरा थांबल्या. मॅडमनी कॉम्प्युटर सुरू केला होता.

आता त्या खोलीवरून जाताना काचेतून दिसतं, कापूस टाकला तसाच पडलेला असतो. मॅडमचे आकडे जुळायला लागलेत. समोर आल्या की छान हसतात.

मावशी घरी येतात. धुतलेली चादर खाटेच्या पायथ्याशी घडी घातलेलीच असते. ती पसरायला वाकवत नाही. मग त्या उघड्या गादीच्या कडेला अंग आखडून पडून राहतात.