नळातून आलेली नदी

मला त्या माणसाचा राग येतो आणि तो मी लपवणारही नाही.

मी पेनसिल्व्हेनियात माओरी आणि इतर आदिवासी संस्कृतींवर एम.ए. करत होते. वर्गात आम्ही दोघंच मराठी. मी शहापूरच्या पुढच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरची. तो मुंबईचा, इंजिनिअरिंग केलेला, "कोडिंगमध्ये जीव रमेना यार" म्हणून इकडे वळलेला. पहिल्याच दिवशी त्याने माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा, म्हणजे कोट्यातून का?" असं हसत हसत विचारलं. अमेरिकेत कसला आलाय कोटा? पण सवय कुठे जाते! मी त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

माओरी माणूस रीतसर ओळख करून देतो तेव्हा स्वतःचं नाव आधी सांगत नाही. आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज, आणि आपण सगळ्यात शेवटी. याला पेपेहा म्हणतात. न्यूझीलंडहून एक माओरी बाई स्क्रीनवर आल्या होत्या. त्यांनी आम्हाला बजावलं होतं, की जिच्याशी तुमच्या पूर्वजांचं नातं नाही ती नदी आपली म्हणून सांगू नका. आमच्या गाइडबाई तेव्हा जोरजोरात मान डोलवत होत्या. पुढच्या आठवड्यात माओरी बाई नव्हत्या, आणि गाइडबाईंनी एकेकाला उभं करून आपापली नदी सांगायला लावली.

तो माझ्या आधी उठला आणि त्याने माझी नदी सांगितली. आमच्या पाड्याची! म्हणाला, "मुंबईत माझ्या घरच्या नळाला हिचंच पाणी येतं. माझं सगळं शरीर हिच्यापासून झालंय." वर्ग भारावून गेला. मी मात्र जागच्या जागी पेटले. याच नदीवर धरण झालं, आमचा पाडा उठवला आणि पाणी गेलं याच्या नळाला. नव्या जागी आम्हाला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तोही मनात आलं तर येतो.

माझी पाळी आली तेव्हा मीही तीच नदी सांगितली. दुसरी कुठून आणू?

गाइडबाईंनी टाळ्याच वाजवल्या. दोन माणसं, एक नदी, किती सुंदर योगायोग! कॉन्फरन्समध्ये दोघांनी मिळूनच बोला म्हणाल्या. माझा प्रबंध त्या नदीवर होता. बुडालेल्या पाड्याबद्दल आमच्या बायका काय बोलतात, ते आमच्यातल्याच कुणीतरी लिहावं म्हणून मी घरच्यांशी भांडून इतक्या लांब आले होते. आणि आता हा आयता वाटेकरी!

बाईंच्या केबिनमध्ये मी सरळ नाही म्हटलं. तो मराठीत म्हणाला, "चिल यार, नदी काय कुणाच्या बापाची असते?"

माझं डोकं फिरलं. बाईंनाही कळावं म्हणून मी इंग्रजीत सुनावलं, की माझा धाकटा भाऊ त्या पाण्याखाली आहे. तो पाळण्यात असतानाच गेला. आमच्यात तान्ह्या पोराला पुरतात, तसं त्याला नदीकाठी पुरलं होतं, आणि मग धरणाचं पाणी चढलं. आई अजून त्या बाजूला तोंड करून बसत नाही.

तर रडायला कोण लागलं? तो! बाईंनी टिश्यूचा डबा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "तू ठीक आहेस ना?" असं त्यालाच विचारलं. मग माझ्याकडे वळून डोळे चमकवत म्हणाल्या, "हीच तुझ्या प्रबंधाची सुरुवात."

मी म्हटलं, हे लिहायचं नाही. हे आमच्या घरातसुद्धा कुणी बोलत नाही, माझ्या तोंडून रागात गेलं. बाई म्हणाल्या, घाई करू नकोस, विचार कर. मी काय विचार करणार? जोडीने बोलायचं तेवढं मी कॅन्सल केलं आणि माझ्यापुरता विषय संपवला. आपण नाही म्हटलं की संपलं, असं मला वाटलं. इतकी कशी मी बावळट!

कॉन्फरन्सला तो एकटाच बोलला. मी मागच्या रांगेत बसले होते. झब्बा घालून आला होता. त्याने दिवे मंद करायला सांगितले आणि पहिली स्लाइड लावली. निळंशार धरण, आणि खाली इंग्रजीत एकच ओळ: या पाण्याखाली आमचा धाकटा भाऊ झोपला आहे.

आमचा म्हणे! मेल्या, तुझी आई रडली होती का रे त्याच्यासाठी?