भाग्याने खडू पुसला

माझी मुलगी टायर विकते. हैदराबादेत नामपल्लीला, नुमाइशच्या म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनाच्या मैदानामागच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे, तिथे ती सकाळी साडेनऊला जाते आणि दिवसभर उभी असते. तिच्या नखांतलं काळं रविवारीसुद्धा पूर्ण निघत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी ‘आपल्यातली माणसं’ या सदरात काहीतरी लिही म्हणून कुसुमताई आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी आल्या होत्या, आणि मी भाग्यलक्ष्मीचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“अगं, कुणी डॉक्टर, कुणी अमेरिकेला गेलेलं असं बघ ना! टायरवर काय लिहिणार तू?”

“टायरवरच लिहिणार,” मी म्हटलं.

घरातले सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

आमचे हे, म्हणजे दत्तोबा, मूळ बीदरकडचे. शेती भावांकडे सोडून पंधराव्या वर्षी हैदराबादला आले, एका टायरवाल्याकडे काम शिकले आणि बहात्तर साली स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा सगळं सोपं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, “अँबॅसेडरचा द्या,” किंवा “फियाटचा द्या.” टायरवर काय छापलंय ते वाचायची गरज कुणालाच नव्हती. यांनी टायरवरून तळहात फिरवला की झालं. पसंत पडलेल्या टायरवर हे खडूने एक आडवी रेघ मारायचे. ती रेघ म्हणजे यांचा शब्द. रेघ मारलेला टायर दुसऱ्या कुणाला दिला नाही आणि मारलेली रेघ कधी पुसली नाही, असं हे अभिमानाने सांगत. खडू नेहमी यांच्या शर्टाच्या खिशात. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

एक्क्याण्णवनंतर गाड्या बदलल्या. दरवर्षी नवं मॉडेल, नव्या मॉडेलला नवं माप. यांनी तेही शिकून घेतलं, पण आपल्या पद्धतीने. टायरवर तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. शेवटचा आतल्या चाकाचा, इंचात. मधला आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, असं यांनी पक्कं धरलं होतं. सत्तरच्या जागी सत्तर लावा, गाडी तेवढीच उंच राहते. जोपर्यंत लोक जुन्याच मापाचा नवा टायर घेत होते, तोपर्यंत हे कधी चुकले नाहीत.

भाग्याने मी शिकले त्याच कॉलेजात, कोठीला, गणित घेऊन बीएस्सी केलं. यांचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दोन महिने बिलं लिहायला म्हणून ती दुकानात गेली आणि मग तिथलीच झाली. मला ते नको होतं. जॅकवर चढवलेल्या गाड्या, हायवेवरून आलेले ड्रायव्हर, भर रस्त्यावरचं दुकान. मी रोज दुपारी डबा घेऊन जायला लागले. डबा सकाळी देता आला असता. मला तिला डोळ्यांनी बघायचं असायचं.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीतला शनिवार होता. नुमाइश उठली होती, मैदानातून बांबू आणि पत्रे ट्रकात चढत होते. मी डबा घेऊन पोचले, तर दुकानासमोर एक लाल सेडान उभी. चमकदार, बुटकी, मागे पंख लावलेला. गाडी पुष्करची. हा पुण्याहून नव्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला मुलगा, केशवरावांचा भाचा. केशवराव म्हणजे ट्रॅव्हल्सवाले, त्यांच्या तेवीस गाड्यांचे टायर वर्षानुवर्षं आमच्याकडून जायचे. पुष्करने मुंबईहून चौदा इंची अलॉय चाकं आणली होती. गाडीची मूळ चाकं तेरा इंची. आदल्या दिवशी यांनी त्याला त्या अलॉयवर घालायला चार टायर काढून दिले होते आणि रेघाही मारल्या होत्या.

आणि माझी मुलगी ओलं फडकं घेऊन त्या रेघा पुसत होती.

“भागे!” हे ओरडले.

“अप्पा, हे टायर या गाडीला लागत नाहीत.” चौथी रेघ पुसून मगच ती उठली.

भाच्याबरोबर आलेले केशवराव खुर्चीवर बसून हसले. “दत्तोबा, पोरीला हिशोबाला बसवली होती ना? ही तर मालकीण झाली.”

“काका, मी मालकीण नाही. पण माप चुकलंय.”

“तीस वर्षं टायर विकतोय मी,” हे म्हणाले. “जुना एकशेपंच्याहत्तर सत्तर. नवा एकशेपंच्याऐंशी सत्तर. सत्तरला सत्तर. काय चुकलं?”

“सत्तर म्हणजे सत्तर टक्के, अप्पा. रुंदीचे. रुंदी वाढली की भिंतपण वाढते. वर चाक एक इंच मोठं. जुना टायर खालपासून वरपर्यंत पाचशे पंच्याहत्तर मिलिमीटर भरतो, हा सहाशे पंधरा. चार सेंटिमीटर जास्त. चौदाच्या चाकावर एकशेपंच्याऐंशी साठ पाहिजे, मग फरक दोन-अडीच मिलिमीटरचा राहतो.”

पुष्कर म्हणाला, “पण मॅडम, मला चाकावरचा व्हीलआर्च भरलेलाच हवाय. आत पोकळी दिसली की गाडी भिकार वाटते. आणि साठ म्हणजे टायर एवढासाच दिसणार.”

“भरलेला दिसेल. मग या बंडीत मागे माणसं बसली की घासेल.”

“काही घासत नाही,” केशवराव म्हणाले. “दत्तोबांनी रेघ मारली ना? आम्हाला तेवढं पुरे.”

हे लालबुंद झाले होते. चार माणसांसमोर यांची रेघ पुसली गेली होती, तीही घरातल्या हाताने. “महबूब, लाव टायर,” यांनी आमच्या जुन्या फिटरला सांगितलं. मग भाग्याकडे वळून म्हणाले, “घासला नाही तर सोमवारपासून तू घरी. दुकानात पाऊल टाकायचं नाही.”

“आणि घासला तर?”

यांनी महबूबभाईंकडे जॅक सरकवला.

खरं सांगते, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. न घासो, पोर घरी येवो, असं माझ्या मनात आलं. पण तिच्याकडे पाहिलं. फडकं मुठीत गच्च धरलेलं, मान ताठ. तिचा आकडा मीही मनात करून पाहिला. बरोबर होता. तिला टक्के मीच शिकवले होते.

महबूबभाईंनी तासाभरात चारही चाकं चढवली. गाडी खरंच ऐटबाज दिसत होती. पुष्कर दोनदा भोवती फिरला. भाग्या पुढे झाली आणि यांच्या खिशातला खडू तिने सरळ काढून घेतला. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा पांढऱ्याफट्ट होईपर्यंत तिने तो घासला.

“आता मागे तीन माणसं बसा,” ती म्हणाली. “काका, तुम्ही बसा.”

“मी?”

“घरची माणसंच बसणार ना या गाडीत? आई, तूपण.”

“मेरेकू वजन में नक्को गिनो, बेबी,” महबूबभाई म्हणाले, “मैं सूखा आदमी हूं.” पण हात पुसून तेही बसले. मधे मी, मांडीवर डबा, डाव्या बाजूला केशवराव, उजव्या बाजूला महबूबभाई. पुढे पुष्करच्या शेजारी भाग्या. हे दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

मैदानाच्या फाटकाजवळ मोठा गतिरोधक आहे. पुष्करने वेग कमी केला, तशी भाग्या म्हणाली, “रोज जाता तसेच जा.” गाडी उडाली, खाली बसली, आणि माझ्या पाठीमागून असा आवाज आला की डब्यावरचा माझा हात घट्ट झाला. खर्रर्र. परत वळताना पुन्हा तेच, आणि रबर जळल्याचा वास.

“रस्ता खराब आहे,” केशवराव म्हणाले.

“रस्ते के सिर पे नक्को डालो, साब,” महबूबभाई म्हणाले. “बच्ची बोली थी ना.”

आम्ही दुकानापाशी उतरलो. यांनी स्वतः वाकून मागच्या चाकावर, पत्र्याच्या आतल्या बाजूला हात घातला. बोटं बाहेर काढली ती पांढरी होती.

मला वाटलं संपलं. पण माणसं इतक्या लवकर हरत नाहीत. केशवराव म्हणाले, “पत्र्याची आतली कड ठोकून मुडपायची. सगळे तसंच करतात.”

“हो, माझ्या पुण्याच्या मित्राने केलंय,” पुष्कर म्हणाला.

“करतात,” भाग्या म्हणाली. “मग विजयवाड्याच्या रस्त्यावर वेगाचा काटा शंभर दाखवेल, मोठ्या टायरवर गाडी एकशेसातने जात असेल आणि मागे तुमची आई बसलेली असेल. पत्रा टायरची भिंत कापेल तेव्हा मी तिथे नसणार. ठोकायचं तर दुसरीकडे ठोका. या दुकानातून हा टायर या गाडीला जाणार नाही.”

“दत्तोबा,” केशवराव उठले, “माझ्या तेवीस गाड्या तुमच्याकडे येतात. तुम्ही बोला.”

सगळे यांच्याकडे बघत होते. हे पँटला बोटं पुसत होते आणि खडू काही निघत नव्हता.

“महबूब,” हे म्हणाले, “जुनी चाकं चढव.”

केशवराव रिक्षा करून निघून गेले. त्यांच्या गाड्या त्यानंतर आमच्याकडे आल्या नाहीत, एकही नाही. पुष्कर चाकं बदलेपर्यंत थांबला, आणि भाग्याने कागदावर लिहून दिलेलं साठचं माप त्याने घडी घालून खिशात ठेवलं. ते टायर त्याने पुढे घेतले की नाही, आम्हाला ठाऊक नाही.

भाग्या जिंकली असं कुणाला वाटेल. घरी आल्यावर हे तिच्याकडे पाठ करून बसले. मला म्हणाले, “आकडा तिचा खरा. पण रेघ माझी होती. चार लोकांत पुसली.”

“मग काय, घासू द्यायचं होतं?” मी विचारलं.

“सोमवारपासून ती घरीच राहील.”

आयुष्यात पहिल्यांदा मी यांना म्हटलं, “ती घरी राहिली तर डबा दुकानात येणार नाही. कुणाचाच.” माझंच मला आश्चर्य वाटलं. जे मला हवं होतं तेच हे देत होते, आणि मी नको म्हणत होते.

रविवारी दुकान बंद असतं. हे जेवून बाहेर पडले ते चार तासांनी आले. शर्टाच्या बाहीवर टायरचं काळं होतं आणि खिशातून माझ्या शिवणाच्या टेपचं टोक लोंबत होतं.

सोमवारी सकाळी भाग्या नेहमीच्या कपड्यांत, केस बांधून, चहाला येऊन बसली. जायचं म्हणून तयार होऊन आली होती, विचारायला आली नव्हती. मी ओट्यापाशी दोन डबे उघडे ठेवले होते. भाजी घातली नव्हती.

यांनी बशीतला चहा संपवला. तिच्याकडे न बघता म्हणाले, “एकशेपंच्याऐंशीचे साठ टक्के किती?”

“एकशेअकरा,” ती म्हणाली.

“दुपट?”

“दोनशे बावीस. अधिक चाक.”

हे उठले, स्कूटरची किल्ली घेतली, खिशातला खडू काढून टेबलावर तिच्या कपाशेजारी ठेवला. मग मला म्हणाले, “उभी काय राहिलीस? डबे भर.”