पंधरा नंबरचा पाचवा फाउल

एका सामन्यात मी एका खेळाडूच्या नावावर त्याने न केलेला फाउल लिहिला. चूक माझी होती. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, कुणापुढे उच्चारलेलं नाही. अपवाद एका संध्याकाळचा, गेल्या महिन्यातला. घरी बायकोला, सुनीतालासुद्धा माहीत नाही. ती हे इथेच, तुमच्याबरोबर वाचेल. तसं ठरवलं आहे आणि आता माघार घेणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एक फाउल? बरोबर आहे तुमचं. चूक दहा सेकंदांची होती, आणि चुकीसाठी मी इतकी वर्षं झोप घालवली नसती. मी लिहितोय ते त्यानंतर जे केलं त्याबद्दल. पण तिथवर मला हळूहळू जाऊ द्या. एकदम गेलो तर अर्ध्यातून परत फिरेन, मी स्वतःला ओळखतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. शारजातला एक क्लब. नाव लिहीत नाही, क्लबचा यात काही दोष नाही. दिवसा मी तिथे ऑफिसात टायपिंग करायचो आणि सामन्याच्या संध्याकाळी बास्केटबॉलच्या टेबलावर स्कोअरशीट लिहायचो. नागपूरला कॉलेजच्या टीममधून खेळलो होतो, नियम पाठ होते. पण ही नोकरी मला नियमांमुळे मिळाली नाही. ती मिळाली बस्त्यावमुळे.

बस्त्याव वसईचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही, 'नागपूरकर' म्हणायचा. क्लबचा हॉल त्याच्या ताब्यात. बॉल, जाळ्या, भोंगा, फरशीवरचे पट्टे, सगळं. शारजाच्या रोल्ला भागातल्या एका हॉटेलात चहा पिताना आमची ओळख झाली आणि आठवड्याभरात त्याने मला मॅनेजरपुढे नेऊन उभं केलं. "सर, ये लडका शीट लिखेगा. मेरा गॅरंटी." माझा गॅरंटी, म्हणाला. हा शब्द लक्षात ठेवा.

टेबलावर तो माझ्या शेजारी बसायचा. तो असिस्टंट, मी स्कोअरर. रेफ्री शिट्टी मारून टेबलाकडे येतो, बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो. बस्त्याव तो मोठ्याने म्हणायचा, मी लिहायचो. पहिल्या हाफला लाल पेन, दुसऱ्याला निळं. लिहिलं की त्या खेळाडूचा कितवा फाउल झाला त्या आकड्याची पाटी मी वर धरायची. पाचवी पाटी वर गेली की खेळाडू बाहेर. आणि त्या काळी एक रीत होती, आता ती राहिली नाही: ज्याने फाउल केला त्याने स्वतःच हात वर करायचा. रागावलेला असो, हरत असो, हात वर करायचा, म्हणजे टेबलाला कळावं. मला ती रीत फार आवडायची. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच आवडायची.

त्या वर्षी आमच्या टीमने कमाल केली. खेळाडू पगारी झाले होते, परदेशी खेळाडू एकच घेता यायचा. आमचा अमेरिकन सहा फूट दहा इंच, जर्सी पंधरा. रोल्लातली आपली माणसं त्याला लंबूभाई म्हणायची. बस्त्यावने त्याला मराठी शिकवायला घेतलं होतं. टेबलासमोरून जाताना तो न चुकता म्हणायचा, "काय बाऊ!" क्लबने कित्येक वर्षं लीग जिंकली नव्हती. आणि आता शेवटचा सामना, आमच्याच हॉलमध्ये, जिंकलो की लीग आमची.

त्याच आठवड्यात सुनीता लग्नानंतर पहिल्यांदा इकडे आली होती. फॅमिली व्हिसाचा शिक्का अजून ओला म्हणावा असा. मी तिला सामन्याला आणलं, वर फॅमिलीच्या बाकांवर बसवलं. आदल्या दिवसापासून तिला सांगत होतो, मी हात वर केला की अख्खा हॉल माझ्याकडे बघतो. पाटीबद्दल बोलत होतो मी.

दुसरा हाफ. आम्ही सहा पॉइंट पुढे. शिट्टी वाजली तेव्हा मी कोर्टाकडे बघत नव्हतो. सुनीता बघतेय का, हे बघत होतो.

मान खाली केली तेव्हा रेफ्रीचा उघडा पंजा मला दिसला. नुसता पंजा म्हणजे पाच नंबर. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा पंजा म्हणजे पंधरा. मूठ मी पाहिलीच नव्हती. पण बास्केटखाली लंबूभाई उभा होता आणि मला वाटलं, मूठ दाखवून झाली असणार. शेजारून बस्त्याव म्हणाला, "पाच."

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. मनात म्हटलं, दादाचे डोळे गेले आता. आणि पंधराच्या ओळीत खूण केली.

दैव कसं बघा. आमच्याच पाच नंबरच्या पोराचे तीन फाउल होते आणि लंबूभाईचेही तीनच. कुणाच्याही नावावर लिहिला असता तरी पाटी चौथीच वर जाणार होती. मी चौथी पाटी वर केली, कुणालाच खटकलं नाही. कोचने पाच नंबरला चार झाले म्हणून बाकावर बसवलं. त्या पोराने हातही वर केला होता, म्हणे. मी सोडून सगळ्यांना तो दिसला होता.

चार मिनिटं राहिली असताना लंबूभाईच्या नावाने शिट्टी झाली. या वेळी मूठ आणि पंजा, दोन्ही मी नीट पाहिले. लिहिलं. ओळ भरली. मी पाचवी पाटी वर केली, भोंगा वाजवला.

लंबूभाई माझ्याकडे बघत चार बोटं नाचवायला लागला. फोर! फोर! कोच धावत टेबलाशी आला. "पाच नंबरचे चार, पंधराचे पण चारच! मी मोजतोय!" रेफ्रीने शीट माझ्याकडून ओढून घेतली, बघितली, परत माझ्यापुढे ठेवली. आणि तेव्हा मला दिसलं. पंधराच्या ओळीत दोन लाल, तीन निळ्या. वर पाचच्या ओळीत तीनच. ती मधली निळी खूण कुणाची, हे मला एकदम कळलं.

"शुअर?" रेफ्रीने विचारलं.

बस्त्याव माझ्या कानाशी पुटपुटला, "नागपूरकर, एकदा बघ ना रे. मला वाटतं तो पाचचा होता."

हॉल भरलेला. वर सुनीता. मी म्हणालो, "शुअर. शीट बरोबर आहे."

रेफ्रीची शेवटची सही होईपर्यंत शीट दुरुस्त करता येते. मला चार मिनिटं होती. एकेक सेकंद घड्याळावर माझ्यासमोर उतरत होता. मी काय केलं? पॉइंट लिहीत राहिलो. सुबक अक्षरात. आम्ही दोन पॉइंटनी हरलो. सही झाली.

आता पुढचं. इथे मी थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. उस्ताद हाशिम, सुदानी, शांत माणूस. गॅलरीतून घेतलेली व्हिडिओ कॅसेट त्याने टीव्हीवर थांबवून ठेवली होती. पडद्यावर रेफ्रीचा उघडा पंजा, आणि त्याच्या मागे हात वर करून उभा असलेला पाच नंबर. उस्तादने आवाज चढवला नाही. "कौन बोला फिफ्टीन?"

मला अजून कळत नाही, इतक्या पटकन कसं आलं ते. मी म्हणालो, "बस्त्याव बोला, सर. वो नंबर बोलता है, मैं सिर्फ लिखता हूँ."

उस्तादने त्याच्याकडे बघितलं. "तुम बोला?"

बस्त्याव आधी टीव्हीकडे बघत होता, मग माझ्याकडे. रागाने नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा. मग म्हणाला, "हो सकता है, सर."

"खलास," उस्ताद म्हणाला.

महिन्याभरात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. हॉलच्या चाव्या मला मिळाल्या. हो, मलाच. त्याची जागा, त्याच्या चाव्या.

जायच्या आदल्या दिवशी त्याने मला स्टोअर ताब्यात दिलं. एकेक बॉल दाबून दाखवला. "हे तीन हवा धरत नाहीत, सामन्याला काढू नकोस. भोंग्याची वायर हलवू नकोस, बंद पडेल." शिकवत होता मला. आणि कुलूप लावता लावता, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "काय रे, मी खरंच पंधरा म्हटलं होतं का?"

तिथे उस्ताद नव्हता. सुनीता नव्हती, कॅसेट नव्हती, भरलेला हॉल नव्हता. आम्ही दोघंच होतो. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "सोड ना दादा. झालं ते झालं."

हाच तो कबुलीजबाब. फाउल नाही, ऑफिसातलं खोटंही नाही. भीतीने माणूस खोटं बोलतो, ते मला समजतं. पण त्या स्टोअरमध्ये मला कसली भीती होती? कसलीच नव्हती. त्याला स्वतःच्या कानांवर, तोंडावर संशय आला होता आणि तो मला सोयीचा होता. मी तो त्याच्याबरोबर वसईला जाऊ दिला.

क्लब मी दोन वर्षांनी सोडला, दुबईत शिपिंग कंपनीत लागलो. मुलगी झाली, मोठी झाली, मी मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. बस्त्यावला मी एकही पत्र लिहिलं नाही. पत्ता होता.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीचं डिनर होतं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने माझं नाव लिहून घेतलं आणि एकदम मराठीत म्हणाली, "तुम्ही आधी शारजाला क्लबात होता का? नागपूरकर काका?"

ती रोझलिन. बस्त्यावची थोरली. "पप्पा तुमचं किती सांगतात! म्हणतात, माझा पोरगा आहे तिकडे, शीट अशी लिहितो की फ्रेम करावी." मी विचारलं, दादा काय करतो आता. वाडी बघतात, ती म्हणाली, आणि चर्चच्या मैदानावर मुलांना बास्केटबॉल शिकवतात. "पण स्कोअरला बसत नाहीत हं. फादरनी कितीदा सांगितलं. म्हणतात, नको, मी आकडे चुकीचे बोलतो, माझा भरवसा नाही."

मी लिफ्टकडे न जाता बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. एक तप झालं होतं जवळजवळ. मी म्हणत होतो, नोकरी गेली त्याची, दुसरी मिळाली असेल. आणि तो तिकडे बसून स्वतःला चुकीचा समजत होता.

रोझलिन म्हणाली होती, पप्पा पुढच्या महिन्यात व्हिजिटवर येतायत. त्या दिवशीच ठरवलं. आधी उस्तादला शोधलं, शारजाला जाऊन विचारलं. तो केव्हाच खार्टूमला परत गेला होता. ऑफिसात आता नवी माणसं, त्या सीझनचं कुणाला काही ठाऊक नाही. म्हणजे तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सही होऊन गेली होती. उरला होता तो फक्त बस्त्याव.

गेल्या महिन्यात दुबईच्या करामा भागातल्या एका साध्या शाकाहारी हॉटेलात आम्ही भेटलो. तो, रोझलिन आणि मी. तिलाही बोलावण्याचा आग्रह मी धरला होता. खोटं मी चारचौघांत बोललो होतो, खरं एकांतात उरकायचं नव्हतं. तो वाळला होता, केस पांढरे. मला बघून उठला, माझ्या पोटावर थाप मारली. "नागपूरकर! अरे, तू आता एकटाच झोन डिफेन्स लावशील, अर्धं कोर्ट अडवून!" रोझलिन हसली. मीही हसलो, आणि हसताना वाटलं, आज राहू दे, जेवण होऊ दे, सुखात आहे बिचारा. तेच ते. स्टोअरमधलंच, पुन्हा. डोसे आले. तो लंबूभाईची नक्कल करायला लागला, "काय बाऊ!", आणि मग जरा थांबून, हसतच म्हणाला, "माझ्यामुळे गेली रे ती लीग."

मी ताट बाजूला सरकवलं.

"दादा, थांब. रोझलिन, तूही ऐक. तुझ्या पप्पांनी पाच म्हटलं होतं. पंधरा नव्हे, पाच. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी सुनीताकडे बघत होतो, म्हणून मी चुकलो, आणि उस्तादपुढे तुझं नाव घेतलं. तू मला स्टोअरमध्ये विचारलंस, तेव्हाही मला माहीत होतं. तुझी नोकरी मी घालवली. त्याहून वाईट म्हणजे, तुझा तुझ्यावरचा भरवसा मी घालवला. दादा, तू बरोबर होतास. फाउल माझा होता."