अक्कांचं ‘न्हाई’

बारशाला अक्का आल्या की बायका एका लेकराच्या आईला ‘दुसरं कधी?’ विचारणं आवरतं घ्यायच्या, कारण अक्का विचारणारीलाच धरायच्या. “लेकरू सांभाळायला तुमी येणार का? बराबर सांगा, मंग मी तिला आत्ताच तयार करते.” एवढं बोलून त्या निवांत जेवायला लागायच्या. विचारणारीचा घास मात्र हातातच राहायचा.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आष्टीला असायच्या, शेतात काय पेरायचं ते माझे थोरले दीरही त्यांना विचारूनच ठरवत. मुलगा एकच. दुसऱ्यासाठी सासूबाईंनी वर्षानुवर्षं टुमणं लावलं, पण अक्का बधल्या नाहीत. मला त्यांचा भारी अभिमान होता.

माझी मुलगी शाळेत जायला लागली, तसं तेच टुमणं जालन्याला आमच्या घरी माझ्यामागे आलं. पहिल्या बाळंतपणानंतर कित्येक महिने मी नुसती रडत होते, पण ते कुणाला सांगायचं? घर लहान, नोकरी, खर्च अशी कारणं मी पाठ करून ठेवली होती. त्या दिवाळीत आम्ही आष्टीला गेलो, तेव्हा सासूबाईंनी माझी ओटी भरली आणि नारळाबरोबर मुलीचं जुनं झबलं ओटीत घातलं. आमच्याकडे नव्या बाळाला पहिलं झबलं घरातलंच घालतात. मी तशीच तणतणत शेतात अक्कांकडे गेले आणि सांगितलं, मला दुसरं नको. अक्का माझी बाजू घेणार याची खात्रीच होती.

कापूस वेचता वेचता त्या थांबल्या. “नको हाये, का भिऊन राह्यली?”

मला रडूच फुटलं. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

अक्का सासूबाईंना आत्याबाई म्हणत. “मला लई हौस होती गं दुसऱ्याची,” त्या म्हणाल्या. “पर आत्याबाई इतक्या मागं लागल्या, की त्यांच्या रागानं मी न्हाई म्हणले. लोक मला खंबीर म्हणतात. तू हो म्हण का न्हाई म्हण, पर ते तुझं असू दे.”

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला भीतीचं सांगितलं. तेव्हा कळलं, माझी मागची अवस्था बघून तोही घाबरलेला होता. पुढे वर्षभर आम्ही बोलत राहिलो आणि मग आपल्या हौसेनं हो म्हटलं. दुसरी मुलगीच झाली. अक्का तीन महिने माझ्याकडे राहिल्या. मी गप्प दिसले की हातातलं काम सोडून शेजारी येऊन बसायच्या, आणि या वेळी मी सावरले.

परत निघाल्या तेव्हा धाकटीला घेऊन मी स्टँडवर गेले. अक्कांनी तिला कुशीत घेतलं. बस लागली, माणसं चढली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी अक्का तिला माझ्याकडे देईनात.