मामाच्या हाताला बांधलेला हातोडा

आमचा मामा लोहार. तापलेलं लोखंड आणि माणूस यांत त्यानं कधी फारसा फरक केला नाही. गिऱ्हाईकानं कोयत्याच्या धारेला नावं ठेवली, की मामा त्याच कोयत्यानं त्याच्या सायकलचं टायर फाडून धार दाखवायचा. मामीवर हात उचलला नाही, पण घरातल्या एकेका भांड्याला पोचे होते.

मग त्याची कातडी आवळायला लागली. आधी बोटं, मग हात, मग तोंड. "म्हातारपणी गुळगुळीत झालात," मामी म्हणायची. मूठ वळेना, तेव्हा त्यानं हातोड्याचा दांडा चामडी पट्ट्यानं तळहाताला करकचून बांधून घ्यायला सुरुवात केली. बक्कल मामी लावायची.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "कातडी आवळण्याच्या या आजारात मूत्रपिंडं अचानक दगा देतात. रोज रक्तदाब मोजा. आणि स्टेरॉइड मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही." मामानं मान डोलावली आणि परस्पर दुकानातून नेमकं तेच आणलं. हात जरा मोकळा झाला. मग हिशेब सोपा होता. एका गोळीनं बोटं एवढी वळतात, तर चारांनी मूठ होईल.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, तो ऐरणीपाशी थांबला. "डोक्यात कुणीतरी घण घालतंय रे. डोळ्यांपुढं धूर दिसतोय."

"मामा, रक्तदाब मोजू या."

"ते यंत्र तुझ्या टाळक्यात घालीन."

मामी बक्कल सोडायला पुढं झाली आणि त्याच क्षणी त्याला झटका आला. डोळे पांढरे, अंग ताठ, आणि मग बांधलेल्या हातोड्यासकट हात सैरावैरा आपटायला लागला. पहिला तडाखा ऐरणीवर, दुसरा पाण्याच्या पिंपावर, तिसरा मामीच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐरणीच्या आवाजापेक्षा मोठा वाटला. मी त्याच्या दंडावर गुडघा रोवून कोयत्यानं पट्टा कापला. पट्ट्याबरोबर थोडा तळहातही कापला गेला. धार खरंच चांगली होती.

दवाखान्यात रक्तदाब दोनशे चाळीस निघाला. मूत्रपिंडं बंद पडत आली होती. "स्टेरॉइड किती घेत होता?" मी मामाच्या खिशातलं पाकीट टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाई पाकिटाकडं बघत बोलल्या, "आता डायलिसिस. आणि रक्तदाबाची ही गोळी रोज. रिपोर्ट बिघडला तरी मनानं बंद करायची नाही. मूत्रपिंडं परत चालू होतीलही, पण कित्येक महिने लागतील."

आठ महिने झाले. आठवड्यातून तीनदाचं डायलिसिस आता एकदावर आलंय. रोज सकाळी मामा गोळ्यांचं पाकीट दोन्ही मनगटांत धरतो आणि मामी डाव्या हाताच्या अंगठ्यानं गोळी बाहेर काढते. तिचा उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही.

परवा मामा म्हणाला, "तो पट्टा शिवून ठेव. लघवी परत व्हायला लागली, आता हातोडाही धरीन."

"आधी खांदा शिवून द्या," मामी म्हणाली.

मामानं तोंड उघडलं, उघडतं तेवढं, आणि गोळी घेतली.