विशेह्राडच्या बाकावरचा पाहुणा

आमच्या अंथुर्ण्यातली एक मुलगी पुढच्या महिन्यात प्रागला चाललीय. "ताई, कुठं जेवायचं, काय बघायचं, लिहून दे," म्हणाली. तिला यादी दिली. पोकळ पावात वाढलेलं बटाट्याचं सूप, तळलेलं चीज, चौकातलं मोठं घड्याळ, आणि सकाळी लवकर गेलं तरच मोकळा मिळणारा जुना दगडी पूल. एक जागा मात्र मुद्दाम गाळली. का, ते इथे लिहिते.

मी सायन्सची पदवीधर, घरातली पहिली. बाहेरचं लागणं, अंगात येणं... असा विषय निघाला की मी तिथून उठून जायचे. आता उठून जाता येत नाही, कारण हे माझ्याच घरात चाललंय.

कंपनीने मला तीन महिने प्रागला पाठवलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी वडिलांना, म्हणजे तात्यांना, बोलावून घेतलं. आई हयात नाही. मला बारामतीला कॉलेजात घातलं तेव्हा "पोरीला शिकवून काय करणार" म्हणणाऱ्या अख्ख्या भावकीला त्यांनी एकट्याने तोंड दिलं होतं. त्यांना एकदा विमानात बसवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही विशेह्राडला गेलो. नदीकाठच्या कड्यावर जुना किल्ला, तटावर लाकडी बाक. भर दुपार, लख्ख ऊन. मी घरून आलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोरून करडा कोट घातलेला एक म्हातारा चालला होता. तात्यांनी हात वर केला – "या, जेवायला!"

मला हसू आलं. "तात्या, त्यांना मराठी कळतंय व्हय?"

"नाय कळलं तर नाय. आपण म्हणायचं. 'होऊ द्या तुमचं' म्हणून फुडं जाणं त्यांचं काम."

आमच्याकडे जेवताना कोणीही दिसलं की असं म्हणतातच. आणि कोणीही खरंच बसत नाही.

तो बसला.

तात्यांनी चटणी घातलेला धपाटा त्याच्या हातावर ठेवला. तो चावताना मला दिसला नाही, पण हात रिकामा झाला. मग तो काहीतरी पुटपुटला. मला तिकडची भाषा वाटली. तात्या म्हणाले, "व्हय, येतो की." तो उठून तटाच्या वळणाआड गेला.

"काय म्हणाला?"

"उद्या दुपारी त्यांच्याकडं जेवायला बोलावलंय."

"कुठल्या भाषेत, तात्या?"

"आपल्याच की! तुझं ध्यान कुठं हाय?"

मी ते थट्टेवारी नेलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर आले तर खोलीत तात्या नाहीत, खुंटीवर टोपी नाही. परकं शहर, एक रस्ता माहीत नाही, तिथला एक शब्द येत नाही... मी ट्रॅम पकडून थेट विशेह्राड गाठलं.

ते त्याच बाकावर होते. एकटे, मांडी घालून. समोर काहीच नव्हतं आणि त्यांचा हात त्या रिकाम्या फळीवरून तोंडाकडे जात होता. घास चावत होते. शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणत होते, "बास, बास... लई झालं आता." मी त्यांचा दंड धरला. एवढ्या उन्हात तो बर्फासारखा गार होता.

त्या दिवसापासून तात्या जेवेनात. "पोट भरलंय," एवढंच म्हणायचे. गावी आलो. मी घरून काम करायची परवानगी घेतली. बारामतीत सगळ्या तपासण्या केल्या – रिपोर्ट नॉर्मल. उसाच्या मोळ्या खांद्यावर वाहिलेला माणूस, कॉटवरून उठायला माझा हात धरू लागला. दिवसाकाठी चार चमचे पेज, तीही जबरदस्तीने. बाहेरचं उतरवायला नरसिंहपूरच्या देवळात जाऊन आले... मी!

दीड महिन्याने एका दुपारी ते आपणहून उठून बसले. "भाकरी कर. आन् दोन ताटं वाढ. ते आल्यात."

मी दारात जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. पण तात्यांनी भाकरी मागितली होती! मी दोन ताटं वाढली. तात्या दीड भाकरी जेवले. मी ताक घ्यायला वळले, परत बघते तर दुसरं ताटही रिकामं. घरात मांजर नाही. दार मीच लावलं होतं.

तेव्हापासून रोज दोन ताटं. एकदा मन घट्ट करून मी एकच वाढलं. तात्यांनी हात धुतले आणि उठले. दोन दिवस पाण्याचा घोटही नाही. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप दुसरं ताट मांडलं.

आता त्यांचे गाल भरलेत. शेजारच्या काकू म्हणतात, "पोरीनं बाप वाचवला बघा." मी मान हलवते. आभास, मनावरचा धक्का – सगळं वाचून झालं. त्यात तात्यांचं उत्तर कदाचित असेल, ताटाचं नाही. मला आजही काही कळलेलं नाही.

ते जेवायला बसले की मी ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत राहते, मागे वळत नाही. काल तात्यांच्या तोंडात घास होता, त्यांच्या चावण्याचा आवाज मला स्पष्ट येत होता. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून, अगदी आमच्या बोलीत, कोणीतरी म्हणालं –

"पोरी, तू बी बस की जेवायला."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज पुन्हा बारा वाजत आलेत, आणि पीठ मळून ठेवलंय.