तिसऱ्या कचऱ्याच्या डब्यापाशी

पळून जाऊन लग्न करायचं तर आमच्याकडे निदान सात महिने आधी ठरवावं लागतं. आधी पार्कात अर्ज टाकायचा, मग फोटोवाली पक्की करायची, मग घरच्यांना सुंदर छापील पत्रं धाडायची, की आम्ही अमुक तारखेला सकाळी सात वाजता कुणालाही न सांगता पळून जाणार आहोत, तरी कृपया कोणी येऊ नये. एवढं झालं की उरते ती जागा. आणि जागेसाठी आमच्या गावात एकच नाव घेतात, आर्लिस बेंथिन.

आर्लिसबाई सदुसष्ट वर्षांच्या. त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी कोलोरॅडोच्या या डोंगरात शाळेची बस चालवली, बर्फात, घाटात, आणि मागे चाळीस पोरं बोंबलत असताना. त्या मागे वळून न बघता नुसतं "डेरिक, खाली बस" म्हणायच्या आणि डेरिक बसायचा. मग निवृत्त झाल्या, वर्षभरात नवरा ड्वेन गेला, आणि घरात आता ओरडायचं कुणावर हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्यांनी हा धंदा काढला. नॅशनल पार्काने लग्नांसाठी तेरा जागा नेमून दिल्या आहेत. चौदाव्या जागी हारतुरे काढले की रेंजर हजर. तेरातली एक निवडायला माणूस कशाला लागतं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही गिऱ्हाईक पाहिलेलं नाही.

"आम्हाला मागे बर्फाचं शिखर हवं," गिऱ्हाईक सांगतं, "पुढे तळं हवं, उगवता सूर्य हवा, आणि आसपास माणूस नको."

"चालायची तयारी किती?" आर्लिसबाई विचारतात.

"पाच मिनिटं. टाचेचे बूट आहेत ना."

"आणि संडास?"

"जवळ हवा. पण फोटोत नको."

अशा रीतीने जगाच्या पाठीवर कुठेही नसलेली जागा शोधत ही जोडपी टेक्सासहून येतात आणि शनिवारी सकाळी त्या एकांतासाठी दुसऱ्या दोन जोडप्यांच्या मागे रांगेत उभी राहतात. नवरी गमबूट घालून बरिटोची गुंडाळी खात असते. नवरदेवाला अकरा हजार फुटांवरच्या हवेत धाप लागलेली असते, म्हणून "आजन्म साथ देईन" हे वाक्य तो दोन हप्त्यांत म्हणतो.

आणि कुत्रा असतो. कुत्र्याशिवाय लग्न आता होतच नाही. आमच्या राज्यात लग्नाला पाद्री लागत नाही. दोघांनी एकमेकांना हो म्हणायचं, कागदावर आपणच सह्या ठोकायच्या आणि तो काउंटी कचेरीत नेऊन द्यायचा, संपलं. साक्षीदारही लागत नाहीत. पण कागदावर साक्षीसाठी दोन ओळी असतात, आणि रिकामी ओळ दिसली की माणसाला चैन पडत नाही. म्हणून लोक तिथे कुत्र्याचा पंजा शाईत बुडवून उमटवतात. कचेरी मुकाट्याने कागद घेते. आता गंमत अशी, की पार्कात कुत्र्याला पार्किंगच्या पुढे पाऊल टाकायची बंदी आहे. म्हणजे ज्याची साक्ष घ्यायची तो साक्षीदार लग्नाला नसतोच. हे आजवर कुणालाही खटकलेलं नाही.

खटकलं ते फक्त आर्लिसबाईंना. कारण जोडपं तळ्यावर जातं तेव्हा कुत्रा धरून पार्किंगात त्याच उभ्या असतात. "दुसऱ्या ओळीवर तुम्ही सही करा ना," अशी गळ पुष्कळांनी घातली. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी कुत्र्याजवळ होते. जे पाहिलं नाही त्याची साक्ष मी देत नाही." शाळेच्या बसला सख्ख्या दिराचा ट्रक घासला होता तेव्हा त्याच्या बाजूनेही त्या कोर्टात बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, मी आरशात मागच्या पोरांकडे बघत होते. दिराने तेव्हापासून त्यांना नाताळला बोलावणं सोडलं.

धंद्याबरोबर त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. नवऱ्यामुलींच्या आया फोन करायच्या. रडायच्या. नऊ महिने पोटात वागवली आणि लग्नाला मला नको म्हणते. आर्लिसबाई एका हाताने भांडी घासत समजूत काढायच्या. "अहो, लग्न त्यांचं आहे. तुम्ही फुलं पाठवा आणि गप्प बसा." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

फेब्रुवारीत मार्नी आली. मार्नी म्हणजे आर्लिसबाईंची धाकटी, चौतीस वर्षांची, गावाखालच्या दवाखान्यात नर्स. बाईंनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल केले होते; शाळेत बुधवारी जे मिळायचं तेच, मार्नीला अजून तेच आवडतं. तिने रोल चिलीत बुडवला आणि तो तसाच धरून बसली.

"आई, मी आणि टोबिन पळून जाऊन लग्न करतोय. बारा सप्टेंबरला."

"कुठे?"

"पार्कात. आम्ही दोघं आणि फोटोवाली. बाकी कोणी नाही." मग रोल ठेवून ती म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मी कशाला लावून घेऊ," आर्लिसबाई म्हणाल्या आणि कोरडा ओटा पुसायला लागल्या.

"आई, कर्टच्या लग्नात तू काय केलंस आठवतंय ना?"

आठवायला ते कोण विसरलं होतं? थोरल्या कर्टच्या लग्नात, दोनशे बारा माणसांच्या देखत, कर्ट डोळ्यांत पाणी आणून शपथ घेत होता आणि पहिल्या बाकावरून आवाज आला होता, "मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही." पुढे नवरीलाही सांगून झालं, की डोक्यावरचा जाळीचा बुरखा डावीकडे गेलाय. कर्टची बायको तेव्हापासून बाईंशी फार गोड बोलते, म्हणजे काय ते समजा.

"मला त्या दिवशी कोणी काही सुधारायला नकोय," मार्नी म्हणाली. "पण जागा तूच सांग. आणि हँकला सांभाळशील? बाकीच्यांसाठी करतेस तसंच. पैसे देईन मी."

हँक म्हणजे तिचा कुत्रा, तेरा वर्षांचा, लांब कानांचा, गुडघे गेलेला. म्हणजे बघा, पोटच्या पोरीच्या लग्नात आईला पार्किंगची नोकरी लागली होती. ज्या आयांना आर्लिसबाईंनी गप्प बसायला सांगितलं होतं त्या सगळ्याजणी आता ओळीने डोळ्यांपुढे यायला लागल्या.

"पैसे राहू देत," त्या म्हणाल्या. "जागा बघू."

आणि मग सचोटीच्या आर्लिस बेंथिनने धंद्यात पहिल्यांदा लबाडी केली.

मार्नीच्या मनात ॲस्पेनच्या झाडांतलं माळरान होतं. "सप्टेंबरात तिथे एल्क सांबरं माजावर येतात," बाई म्हणाल्या. "गेल्या साली एक नवरदेव पाऊण तास झाडावर होता." मग कड्यावरचा सपाट खडक. "वारा. एकीचा बुरखा गेला तो कॅन्ससात सापडला." मग धबधबा. "एकमेकांना काय कबूल केलंत ते आयुष्यभर कळायचं नाही." होतं त्यातलं थोडं खरंच, पण त्याला पाणी घालून घालून बाईंनी बादलीभर केलं. बारा जागा अशा निकालात काढल्या आणि शेवटी उरलं ते तळं.

"तळं बरं आहे," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पार्किंगपासून एकशे ऐंशी पावलं. काठाला सपाट शिळा आहे. हँकच्या गुडघ्यांनाही बरं, गाडीतून फार लांब नको."

"हँक तर पार्किंगातच राहणार ना?"

"तेच म्हणते मी."

मार्नीने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तळं."

बाईंनी जे सांगितलं नाही ते असं. त्या पार्किंगात अस्वलांना न उघडणारे कचऱ्याचे चार लोखंडी डबे आहेत. त्यातल्या तिसऱ्यापाशी उभं राहिलं की पाइनच्या दोन झाडांमधून ती शिळा तळहातावर घेतल्यासारखी दिसते. पन्नास लग्नं तिथून त्यांनी पाहिली होती, म्हणजे अर्धवट, कंटाळून, कुत्र्याला बिस्किट चारता चारता. एकावन्नावं त्यांना पुरतं पाहायचं होतं. एवढंच हवं होतं. एक अक्षर बोलायचं नाही, फक्त पाहायचं.

सात महिने त्या गप्प राहिल्या. गावाला वाटलं बाईंना बरं नाही.

बारा सप्टेंबरला त्या पावणेसातला हजर. अंगावर निळा पोशाख, कर्टच्या लग्नातलाच, वर ड्वेनचं शिकारीचं जाकीट, आणि जाकिटाच्या आत ड्वेनची दुर्बीण. मार्नी गाडीतून उतरली. साधा पांढरा झगा, लोकरीचे मोजे, केसांत काही नाही. बुरखा नव्हताच, डावीकडे जायला काही ठेवलंच नव्हतं पोरीने. आर्लिसबाईंच्या जिभेवर आलं, थंडी वाजेल. गिळलं.

"छान दिसतेस," त्या म्हणाल्या.

मार्नी थबकली. पुढचं वाक्य येईल म्हणून तिने वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा तिने हँकचा पट्टा आईच्या हातात दिला. टोबिनने बाईंच्या खांद्याला हात लावला. टोबिन शाळेत सुतारकाम शिकवतो, कमी बोलतो. बाईंना तो तेवढ्यासाठी आवडतो. ती दोघं आणि मागून फोटोवाली, अशी तिघं झाडांत दिसेनाशी झाली आणि बाई लगबगीने तिसऱ्या डब्यापाशी गेल्या, दुर्बीण काढली, डोळ्यांना लावली.

धुकं. सगळ्या उन्हाळ्यात त्या तळ्यावर सकाळचं धुकं चार दिवस पडतं, तर ते नेमकं त्या दिवशी पडलं. शिळा नाही, तळं नाही, डोंगर नाही, मुलगी नाही. बाईंनी दुर्बीण पुसली. पुन्हा लावली. हँक डब्याच्या पायाशी आडवा होऊन घोरायला लागला. लबाडी केली होती तिचं हे फळ, असं बाईंना वाटलं, आणि मग वाटलं की बारा जागांबद्दल खोटं बोलून मी पोरीला हे धुकं आहेर म्हणून दिलं. ॲस्पेनच्या माळावर लख्ख ऊन असणार होतं. डोळे भरून आले ते त्यांनी ड्वेनच्या बाहीला पुसले. वीस मिनिटं त्या पांढऱ्या भिंतीकडे दुर्बीण लावून उभ्या होत्या.

तिघं परत आली तेव्हा दुर्बीण आत टाकायला सुचलंच नाही.

"पक्षी बघत होतीस, आई?" मार्नीने विचारलं.

"हो."

"कुठला?"

"दिसला नाही."

मार्नीचं नाक लाल झालं होतं. "आई, मी तीन उन्हाळे याच पार्किंगात गाड्या लावून घेत होते. तिसऱ्या डब्यापाशी काय दिसतं ते मला माहीत आहे. आणि तो बुरखा कॅन्ससला गेला नव्हता, संडासाच्या छपरावर होता. मी काढला होता."

"मग तळं का निवडलंस?"

"तुला दिसावं म्हणून." ती गाडीकडे वळली. "समोर उभी असतीस तर बोलली असतीस. इथून बोलली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं."

आर्लिसबाईंनी दुर्बीण जाकिटात टाकली.

टोबिनने गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. दोघांनी सह्या केल्या. मग हँकला उठवला, त्याचा पुढचा पंजा शाईच्या गादीवर दाबला, आणि पहिल्या ओळीवर पंजापेक्षा चिखलाशी जास्त साम्य असलेला एक डाग उमटला. टोबिनने पेन बाईंपुढे धरलं.

"दुसरी ओळ तुमची."

बाईंनी हात मागे घेतला. "मला नाही करता येणार."

"आई, आता काय?"

"धुकं होतं, मार्नी. मला काही दिसलं नाही. जे पाहिलं नाही त्याची साक्ष मी कशी देऊ?"

"हँकने तरी कुठे पाहिलं? तो झोपला होता."

"हँकला कोणी जाब विचारणार नाही."

मार्नीने कपाळाला हात लावला. सख्ख्या दिराला न सोडणारी बाई, मुलीला सोडेल होय? मग तिने टोबिनकडे पाहिलं, टोबिनने खांदे उडवले, आणि ती म्हणाली, "ठीक आहे. पुन्हा करू. इथेच."

फोटोवालीचा चेहरा उतरला. डावीकडे संडास, उजवीकडे कचऱ्याचे डबे, मागे टेक्सासची गाडी आणि तिच्यावर टेकून बरिटो खाणारी पुढची नवरी. सात महिने निवडून निवडून शेवटी ही जागा.

"इथला परवाना नाही आपल्याकडे," आर्लिसबाई म्हणाल्या.

"आई."

बाईंनी तोंड मिटलं.

दोघं डांबरावर समोरासमोर उभी राहिली, हात हातात घेऊन. आणि नेमकी तेव्हाच पार्काची सकाळची पहिली बस आली, वीस फुटांवर थांबली, आणि ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला. इंजिन चालू ठेवून! सव्वीस वर्षांत आर्लिसबाईंनी हे एकदाही केलं नव्हतं. एरवी त्यांनी त्याची गचांडी धरली असती. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मार्नी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. टोबिन ऐकताना रडत होता, हेही दिसत होतं. मग तो बोलला आणि ती हसली, आणि तिने एका पायाच्या मोज्याने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवला, लहानपणी फळ्यापुढे उभी राहिली की खाजवायची तसा. इंजिनाच्या घरघरीत एक शब्द बाईंच्या कानांवर येत नव्हता. जिभेवर ते वाक्य तयार होतं, मोठ्याने बोल. त्यांनी हँकचा पट्टा मुठीभोवती दोनदा गुंडाळला.

मध्येच मार्नी थांबली आणि आईकडे वळून ओरडली, "ऐकू येतंय ना, आई?"

"सगळं," आर्लिसबाई म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.